विश्लेषण : संगणकाच्या प्रश्नांना संगणकानेच उत्तरे दिली तर? दुर्गम भागासाठी ‘एक्स्पेक्ट’चे तंत्र का मोलाचे?

गॅस सिलिंडर नोंदवायला फोन लावला की ‘मराठीसाठी १ दाबा’ हे वाक्य पूर्ण होण्याआधीच अनेकांचे बोट १ वर गेलेले असते. पुढचे आकडेही पाठ असतात. मग एखाद्या दिवशी मेन्यूत एक नवा प्रश्न येतो आणि पाठ केलेले आकडे भलत्याच प्रश्नांची उत्तरे होऊन बसतात. फोनवर हे घडले तर पुन्हा फोन लावता येतो. पण हेच जंगलातल्या टॉवरखाली बसवलेल्या राउटरशी बोलताना घडले तर? ‘कमांड लाइन’वर प्रश्न विचारणाऱ्या प्रोग्रामांना आपोआप उत्तरे देण्याचे ‘एक्स्पेक्ट’ हे तंत्र तीन दशकांहून जुने आहे. चंद्रपूर-गडचिरोलीसारख्या भागात ते वरदानही ठरू शकते आणि नीट न वापरल्यास डोकेदुखीही.

यंत्रे प्रश्न विचारतात म्हणजे काय?

मोबाइलवर आपण बटणे आणि चित्रे पाहतो. सर्व्हर, राउटर, स्विच ही पडद्याआडची यंत्रे मात्र आजही बऱ्याच अंशी काळ्या पडद्यावरच्या मजकुरातून चालवली जातात. माणूस एक ओळ टाइप करतो, यंत्र एक ओळ छापते. काही कमांड मुकाट्याने काम करून मोकळ्या होतात. काही मात्र मध्येच थांबून विचारतात. लिनक्समध्ये पासवर्ड बदलण्याची कमांड आधी जुना पासवर्ड विचारते, मग नवा, मग तोच नवा पुन्हा एकदा. वीज अचानक गेल्याने डिस्कवरील नोंदी विस्कटल्या तर त्या तपासणारा ‘एफएससीके’ हा प्रोग्राम दोष सापडेल तसा थांबतो आणि ‘दुरुस्त करू का?’ असे विचारतो. शंभर दोष असतील तर शंभर वेळा.

हे प्रश्न उगाच नसतात. त्यांच्यामागे बहुतेक वेळा असे काही काम असते की ते एकदा केल्यावर मागे घेता येत नाही. अडचण एवढीच की उत्तर द्यायला समोर कोणी तरी बसलेले असावे लागते.

गडचिरोली-चंद्रपूरशी याचा संबंध काय?

२६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चांदा म्हणजे चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला. जिल्हा मुख्यालय उत्तरेला. भामरागड आणि सिरोंचा हे तालुके दक्षिणेच्या टोकाला, दीडशे किलोमीटरहून अधिक अंतरावर. त्यात पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुलावरून पाणी वाहू लागले की भामरागडचा आलापल्लीशी संपर्क तुटतो, हे तिथल्या लोकांनी वर्षानुवर्षे अनुभवले आहे. अशा ठिकाणचे यंत्र ‘हँग’ झाले तर ‘जाऊन बंद-चालू करून या’ हा सल्ला देणे सोपे, पाळणे कठीण.

नक्षलग्रस्त भागांत मोबाइल टॉवर उभारण्याच्या योजनेला केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०१४ मध्ये मंजुरी दिली. महाराष्ट्रासह अनेक राज्यांत त्यातून बीएसएनएलचे टूजी टॉवर उभे राहिले. एप्रिल २०२२ मध्ये अशा २,३४३ ठिकाणी फोरजी देण्याचा निर्णय झाला. टॉवर म्हटला की त्याच्या पायथ्याशी राउटर, विजेची उपकरणे, बॅटऱ्या आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणारी यंत्रणा आलीच. ही सगळी उपकरणे दुरून सांभाळावी लागतात.

दुरून सांभाळायचे तर मध्ये तार हवी. जिथे फायबर पोहोचत नाही तिथे उपग्रहाचा आधार घ्यावा लागतो. भूस्थिर उपग्रह पृथ्वीपासून सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतो. संदेश वर जाऊन खाली यायला जवळपास पाव सेकंद लागतो, उत्तर परत यायला आणखी पाव. दूरच्या यंत्रावर टाइप केलेले अक्षर तिथून परत आल्यावरच आपल्या पडद्यावर उमटते. म्हणजे प्रत्येक अक्षरामागे अर्धा सेकंद. अशा जोडणीवर २० उपकरणांचे पासवर्ड एकेक करून बदलायला बसलेल्या तंत्रज्ञाची अवस्था काय होत असेल, याची कल्पना करावी. मुसळधार पावसात ही जोडणी आणखी अडखळते. आणि नेमके तेव्हाच उपकरणाकडे पाहावे लागते.

उत्तरांची यादी आधीच देऊन का भागत नाही?

हा पहिला उपाय सर्वांनाच सुचतो. उत्तरे एका फाइलमध्ये लिहायची आणि ती प्रोग्रामच्या तोंडी द्यायची. युनिक्समध्ये ‘यस’ नावाचा एक गमतीदार प्रोग्रामही आहे. तो काहीही न विचारता, थांबवेपर्यंत, ‘वाय’ हे अक्षर ओळीमागून ओळ छापत राहतो. तो प्रश्न विचारणाऱ्या प्रोग्रामला जोडला की प्रत्येक प्रश्नाला ‘हो’. सहीचा शिक्का शिपायाच्या हाती देऊन साहेबाने घरी जावे, तसला हा प्रकार.

त्यात दोन अडचणी आहेत. पहिली तांत्रिक. पासवर्ड विचारणारे प्रोग्राम हुशार असतात. कोणी फाइलमधून उत्तरे पुरवत असेल तर ते त्या फाइलकडे पाहतच नाहीत; थेट टर्मिनलकडून, म्हणजे कीबोर्ड-पडद्याच्या जोडीकडून, उत्तर मागतात. दूरच्या यंत्रात शिरण्यासाठी वापरला जाणारा ‘एसएसएच’ हा प्रोग्रामही तसाच. दुसरी अडचण जास्त गंभीर आहे. यादीला प्रश्न ऐकू येत नाही. प्रश्नांचा क्रम बदलला, एखादा गळला किंवा वाढला, तरी यादी आपली पुढची ओळ पुढे सरकवतेच. सिलिंडरच्या फोनसारखेच.

मग ‘एक्स्पेक्ट’ वेगळे काय करते?

अमेरिकेतील राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेतील, म्हणजे ‘निस्ट’मधील संगणकतज्ज्ञ डॉन लाइब्स यांना १९८७ मध्ये याची कल्पना सुचली. प्रत्यक्ष घडण मुख्यत: जानेवारी ते एप्रिल १९९० या काळात झाली आणि त्याच वर्षी उन्हाळ्यात युझनिक्स या संघटनेच्या परिषदेत लाइब्स यांनी त्यावर निबंध मांडला. अशा साधनाला एखादी छोटी, कुठल्याही प्रोग्राममध्ये बसवता येईल अशी भाषा हवी होती. ती कॅलिफोर्निया विद्यापीठात बर्कले येथे जॉन ऑस्टरहाउट यांनी तयार केली होती : ‘टूल कमांड लँग्वेज’ ऊर्फ ‘टिकल’. एक्स्पेक्ट त्याच भाषेवर उभे आहे. सरकारी नोकराने सरकारी वेळेत केलेले काम म्हणून ते पहिल्यापासून सर्वांना खुले आणि मोफत राहिले.

त्याची मुख्य युक्ती ‘खोट्या टर्मिनल’ची. ऑपरेटिंग सिस्टीमकडे टर्मिनलचे सोंग घेणारी एक सोय असते. एक्स्पेक्ट ती मागून घेते आणि तिच्या एका टोकाला प्रोग्राम चालू करते. प्रोग्रामला वाटते, समोर कीबोर्ड आणि माणूस आहे. प्रत्यक्षात दुसऱ्या टोकाला स्क्रिप्ट बसलेली असते.

स्क्रिप्टचे काम चार शब्दांत चालते. ‘स्पॉन’ म्हणजे प्रोग्राम सुरू कर. ‘एक्स्पेक्ट’ म्हणजे अमुक मजकूर दिसेपर्यंत वाट पाहा. ‘सेंड’ म्हणजे हे टाइप कर. आणि ‘इंटरॅक्ट’ म्हणजे आता बाजूला हो, कीबोर्ड माणसाच्या हाती दे. साधनाचे नाव दुसऱ्या शब्दावरून पडले, ‘सेंड’वरून नाही, हे लक्षात घेण्यासारखे. टाइप करणे सोपे आहे. खरे काम थांबण्याचे आणि समोर काय आले ते ओळखण्याचे.

लाइब्स यांनी दिलेल्या उदाहरणांत ‘रोग’ या जुन्या संगणकीय खेळाचे एक आहे. त्या खेळात खेळाडूची ताकद सुरुवातीलाच नशिबाने ठरते, बहुतेक वेळा १६. स्क्रिप्ट खेळ सुरू करते, ताकद वाचते, १८ नसेल तर खेळ बंद करून पुन्हा सुरू करते. १८ आली की ‘इंटरॅक्ट’ म्हणून खेळ माणसाच्या हवाली. मुलांना हे साधन समजावायचे तर याहून चांगले उदाहरण सापडणे अवघड.

आणखी एक बारकावा दुर्गम भागाशी थेट जोडलेला आहे. काही जुनी उपकरणे भराभर टाइप केलेली अक्षरे गिळतात. त्यासाठी एक्स्पेक्टमध्ये सावकाश टाइप करण्याची सोय आहे. माणसासारखे कमी-जास्त वेगाने टाइप करण्याचीही आहे.

फसगत कुठे होते?

समजा, गडचिरोलीत बसून भामरागड तालुक्यातील एका राउटरची रचना बदलायची आहे. ज्या जोडणीवरून राउटरपर्यंत पोहोचलो, तीच जोडणी बदलायची आहे. बसलेल्या फांदीवर कुऱ्हाड चालवण्यासारखे हे काम. आकडा चुकला की राउटर आवाक्याबाहेर.

सिस्को कंपनीच्या राउटरवर काम करणारे तंत्रज्ञ त्यासाठी एक जुनी खबरदारी घेतात. बदल करण्यापूर्वी ‘रीलोड इन १०’ अशी कमांड द्यायची. म्हणजे १० मिनिटांनी राउटर आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होईल. नवा बदल साठवलेला नसल्याने सुरू होताना जुनीच रचना परत येईल. सगळे ठीक झाले तर १० मिनिटांच्या आत हे रीलोड रद्द करायचे आणि बदल साठवायचा. चुकले तर १० मिनिटे हातावर हात ठेवून बसायचे. राउटर स्वत:च परत येतो. जुनिपरच्या उपकरणांतही याच हेतूची सोय आहे. तिथे बदल ठरावीक वेळात पक्का केला नाही तर तो आपोआप मागे घेतला जातो.

आता प्रश्न पाहा. ‘रीलोड इन १०’ दिल्यावर राउटर कधी कधी विचारतो, ‘रचनेत बदल झालेला आहे, साठवू का?’ त्याला ‘नो’ असे उत्तर द्यायचे. मग दुसरा प्रश्न येतो, ‘रीलोड करायचे ना?’ तिथे फक्त एंटर दाबायचे. पण पहिला प्रश्न नेहमी येत नाही. न साठवलेला बदल राउटरमध्ये आधीपासून असेल तरच तो येतो.

ज्याने एकदा हाताने करून पाहिले आणि त्या दिवशी दोन्ही प्रश्न आले, तो स्क्रिप्टमध्ये लिहितो : ‘नो’ पाठव, मग एंटर पाठव. महिनाभर ते चालतेही. एक दिवस राउटर अगदी स्वच्छ असतो, न साठवलेले काही नसते. पहिला प्रश्न येत नाही. स्क्रिप्टचे ‘नो’ थेट दुसऱ्या प्रश्नावर जाऊन पडते. तिथे एंटर किंवा ‘वाय’ सोडून दुसरे कोणतेही अक्षर म्हणजे ‘रीलोड नको’. सुरक्षेची दोरी कापली गेली. स्क्रिप्टला ते कळत नाही, तंत्रज्ञालाही नाही. बदल केला जातो, आकडा चुकलेला असतो, जोडणी तुटते. १० मिनिटे होतात, १५ होतात. राउटर परत येत नाही, कारण त्याला परत यायला कोणी सांगितलेलेच नाही. मग जीप काढायची आणि पर्लकोटेला किती पाणी आहे त्याची चौकशी करायची.

एक्स्पेक्टने हे टाळता येते, पण आपोआप टळत नाही. या साधनातही एक खड्डा आहे. अपेक्षित मजकूर दिसण्यासाठी ते मूळ सेटिंगप्रमाणे १० सेकंद थांबते. तेवढ्यात मजकूर आला नाही तर काय करायचे, हे स्क्रिप्टमध्ये लिहिलेले नसेल तर ते तक्रार न करता पुढच्या ओळीवर जाते. शहरातल्या वेगवान जोडणीवर लिहिलेली आणि तपासलेली स्क्रिप्ट १० सेकंदांच्या आत सगळे उरकते, म्हणून हा दोष तिथे कधी दिसतच नाही. तीच स्क्रिप्ट अडखळत्या जोडणीवर चालवली की ११व्या सेकंदाला ती आंधळी होते. आणि तिच्यात व त्या उत्तरांच्या यादीत काही फरक उरत नाही.

बरोबर स्क्रिप्ट कशी असते?

ती एका वेळी एकाच मजकुराची वाट पाहत नाही. ‘साठवू का?’ दिसले तर ‘नो’ दे आणि थांबून राहा. ‘रीलोड करायचे ना?’ दिसले तर एंटर दे. ठरलेल्या वेळात काहीच दिसले नाही तर काम थांबव आणि सांग. जोडणीच तुटली तर तेही वेगळे सांग. या चारही शक्यता एकाच ‘एक्स्पेक्ट’मध्ये लिहिता येतात, आणि जो मजकूर आधी दिसेल त्याप्रमाणे पुढचे पाऊल पडते. वेळेची मर्यादा उपग्रहाच्या जोडणीसाठी १० ऐवजी ६० सेकंद केली तरी बिघडत नाही. यंत्राला थांबण्याचा कंटाळा येत नाही.

त्याहून महत्त्वाची पुढची पायरी बरेच जण गाळतात. उत्तर दिले म्हणून काम झाले असे धरायचे नाही. ‘शो रीलोड’ ही कमांड देऊन रीलोड खरोखर ठरले आहे का, हे राउटरलाच विचारायचे आणि त्याच्या उत्तरात तसे दिसले तरच बदलाला हात घालायचा. आणि अनोळखी मजकूर समोर आला तर ‘इंटरॅक्ट’. स्क्रिप्टने माहीत असलेले प्रश्न सोडवावेत, नवा प्रश्न आला की माणसाला उठवावे.

भाषेचाही एक पेच आहे. लिनक्सची भाषा मराठी ठेवली तर काही प्रोग्रामांचे संदेश मराठीत येतात. स्क्रिप्ट इंग्रजी मजकुराची वाट पाहत बसते, तो येतच नाही. म्हणून स्क्रिप्ट चालवताना तेवढ्यापुरती भाषा मूळ इंग्रजीवर ठेवण्याचा रिवाज आहे. मराठीतून संगणक वापरणाऱ्यांना हे खटकेल, पण तूर्त इलाज नाही.

पासवर्डचे काय?

एक्स्पेक्टवरील सर्वात रास्त आक्षेप हाच. पासवर्ड आपोआप टाइप करायचा म्हणजे तो कुठे तरी लिहून ठेवायचा. अनेक स्क्रिप्टमध्ये तो उघड्या अक्षरांत असतो. ती फाइल कोणी कॉपी केली, पेनड्राइव्हवर घेतली, की सगळ्या टॉवरच्या किल्ल्या गेल्या. स्क्रिप्टने सुरुवातीला एकदाच माणसाकडून पासवर्ड विचारून घ्यावा, पडद्यावर न दाखवता, आणि काम संपेपर्यंत फक्त स्मृतीत ठेवावा, ही त्यातल्या त्यात बरी पद्धत. त्याहून चांगली पद्धत एसएसएचच्या किल्लीची. तिथे पासवर्ड टाइप करण्याचा प्रश्नच येत नाही.

एसएसएचचा आणखी एक प्रश्न स्क्रिप्ट लिहिणारे बेफिकिरीने उडवून लावतात. नव्या यंत्राशी पहिल्यांदा जोडताना ते सांगते, ‘या यंत्राची ओळख पटत नाही, तरी पुढे जायचे का?’ तिथे नुसते ‘वाय’ चालत नाही, ‘यस’ हा शब्द पूर्ण टाइप करावा लागतो. घाईत ‘हो’ म्हटले जाऊ नये म्हणून मुद्दाम घातलेला हा अडथळा. स्क्रिप्ट तो एका ओळीत पार करते. मध्येच कोणी दुसरेच यंत्र बसवून पासवर्ड पळवत असेल, तर तो पकडण्याची पहिली संधी याच प्रश्नात होती.

आजही याची गरज आहे का?

कमी झाली आहे, संपलेली नाही. बऱ्याच कमांडना आता ‘प्रश्न विचारू नको’ असे आधीच सांगण्याची सोय असते. नव्या राउटरना प्रोग्रामशी बोलण्यासाठी ‘नेटकॉन्फ’सारखी स्वतंत्र भाषा आहे, तिचे पहिले प्रमाणक २००६ मध्ये आले. अशी सोय असेल तर एक्स्पेक्ट वापरू नये, हे सरळ आहे. माणसासाठी लिहिलेला मजकूर वाचून अंदाज बांधण्यापेक्षा यंत्रासाठी लिहिलेले उत्तर केव्हाही भरवशाचे.

पण जुनी उपकरणे लगेच बदलली जात नाहीत, आणि दुर्गम भागात तर ती सर्वात शेवटी बदलतात. राउटरच्या रचनांची नोंद ठेवणाऱ्या ‘रॅन्सिड’ या खुल्या साधनात राउटरमध्ये शिरण्याचे काम एक्स्पेक्टच्याच स्क्रिप्ट करतात. ‘जीडीबी’ या प्रोग्रामच्या चाचण्या ज्या ‘डेजाग्नू’वर चालतात, तेही एक्स्पेक्टवर उभे आहे. पायथॉन शिकलेल्यांसाठी याच कल्पनेवरचे ‘पीएक्स्पेक्ट’ आहे. ‘अ‍ॅन्सिबल’सारख्या साधनातही एक्स्पेक्ट नावाची सोय दिलेली आहे.

फोनवर शिकता येईल का?

येईल. अँड्रॉइडवर ‘टर्मक्स’ हे मोफत अ‍ॅप टाकले की फोनमध्ये लिनक्ससारखी कमांड लाइन मिळते आणि त्यात एक्स्पेक्टही बसवता येते. लॅपटॉप नसलेल्या विद्यार्थ्याला एवढे पुरे. ‘ऑटोएक्स्पेक्ट’ नावाचा सोबती आपण हाताने केलेले काम पाहून स्क्रिप्ट लिहून देतो. मात्र तो पडद्यावरचे अक्षर न् अक्षर, अगदी तारीखसुद्धा, अपेक्षित म्हणून नोंदवतो. म्हणजे आज लिहिलेली स्क्रिप्ट उद्याची तारीख पाहून अडते. फापटपसारा आपल्यालाच काढावा लागतो.

सरावासाठी एसएसएचची किल्ली बनवणारा ‘एसएसएच-कीजेन’ हा प्रोग्राम चांगला. तो किल्ली कुठे ठेवायची ते विचारतो, मग सांकेतिक वाक्य, मग तेच पुन्हा. तीन प्रश्न, तीन उत्तरे. सरावाची किल्ली वेगळ्या नावाने ठेवावी आणि तीच स्क्रिप्ट काही न बदलता दुसऱ्यांदा चालवून पाहावी. या वेळी पहिल्या उत्तरानंतर एक नवा प्रश्न येतो : ‘या नावाची फाइल आहे, तिच्यावर लिहू का?’